बाजा, पण वाजंत्र्यांचा नव्हे!

“आई, माझी बाजाच्या टीममध्ये निवड झाली,” लेकीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी लग्नातला बँडबाजाच आला. म्हटलं, इंजिनिअरिंग करता करता हे कसलं खूळ? ती खो-खो हसली. “अगं, गाडी बनवायची आहे. खड्ड्यांतून, दगडांवरून, चिखलातून पळणारी. शर्यतीसाठी!” ही २०१७ मधली गोष्ट. ती तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. टीममध्ये पंचवीस जण, त्यात मुली तीनच.

मैत्रिणींनो, हे ‘बाजा’ नाव आलं मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पावरून. तिथे १९६७ पासून खडतर रस्त्यांवरची मोठी मोटार शर्यत होते. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे २००७ मध्ये, इंदूरजवळच्या पिथमपूरला. लेकीच्या वेळी इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं. बाकी सांगाडा, स्टिअरिंग, ब्रेक सगळं मुलांनी आखायचं आणि जुळवायचं. गाडी उलटली तरी चालकाला इजा होऊ नये म्हणून भोवती पोलादी पाइपांचा पिंजरा. पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे, असाही नियम. हे ऐकल्यावर माझ्या जिवात जरा जीव आला.

पण खरी अडचण पैशांची होती. कॉलेजने काही रक्कम दिली, बाकी मुलांनी उभी करायची. दिवाळीच्या सुट्टीत लेक दोन मित्रांना घेऊन गावात आली, हातात फाईल. आता मी पंधरा वर्षं बचत गटाचं काम करणारी बाई. वर्गणी मागायला मला कधी लाज वाटली नाही. पण स्वतःची मुलगी बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरणार म्हटल्यावर मनात आलंच, लोक काय म्हणतील? दुसऱ्यांच्या मुलींना ‘पुढे या’ सांगणारी मी, घरात मात्र गप्प बसले.

संध्याकाळी ती उतरल्या चेहऱ्याने परतली. जेवलीही नाही. गॅरेजवाले मिस्त्रीकाका म्हणाले होते, “पोरी, हे तुझं काम नव्हे. फाईल त्या पोराकडे दे.”

रात्री मी ती फाईल उघडून पाहिली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, सगळं इंग्रजीत. नेमकं काय हवंय, ते कुठेच नाही! म्हटलं, “बाळा, मागताना समोरच्याला कळलं पाहिजे की आपण काय मागतोय.” मग आम्ही दोघी बसलो. वहीच्या पानावर मराठीत यादी केली. पाइप, टायर, नटबोल्ट, हेल्मेट, टेम्पोचं भाडं. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं, प्रत्येकाला पावती आणि शेवटी सगळ्यांना हिशोब. बचत गटात हेच तर करतो आपण.

दुसऱ्या दिवसापासून चित्र पालटलं. हार्डवेअरवाल्याने नटबोल्ट दिले. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने रात्री आठनंतर आपली शेड आणि वेल्डिंग मशीन वापरू दिलं. आमच्या गटातली धुणीभांडी करणारी एक मावशी एक्कावन्न रुपये घेऊन आली. म्हणाली, “गाडी झाली की माझ्या पोरीला दाखवा, ताई.”

आणि लेक पुन्हा त्या मिस्त्रीकाकांकडे गेली. “काका, पैसे नकोत. मला ब्रेक शिकवा.” ते बघतच राहिले. मग दोन दिवस तिला हाताशी घेऊन शिकवलं.

जानेवारी २०१८. गाडी टेम्पोत चढवून मुलं निघाली, सोबत गटातल्या बायकांनी केलेले तिळाचे लाडू. पिथमपूरला ब्रेकची परीक्षा फार कडक. पळत्या गाडीला ब्रेक मारला की चारही चाकं जाम झाली पाहिजेत, नाहीतर शर्यतीत उतरताच येत नाही. पहिल्या वेळी मागचं एक चाक फिरतच राहिलं. दुसऱ्या वेळीही तेच. ब्रेक लेकीच्या जबाबदारीचे! पंचवीस जणांची मेहनत आणि सगळ्या गावाची वर्गणी तिच्या एका चाकावर अडली.

तिने फोन केला, पण मला नाही, मिस्त्रीकाकांना. ते म्हणाले, “पाइपात हवा अडकलीय. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून जोर चाकापर्यंत पोचत नाही. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात कर, बुडबुडे थांबेपर्यंत सोडू नको.” तिने तसंच केलं. तिसऱ्या वेळी चारही चाकं जागच्या जागी! हे मला तिने नाही, काकांनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

शेवटची शर्यत चार तासांची. तिसऱ्या तासाला स्टिअरिंगचा एक रॉड तुटला. मुलांनी गाडी ढकलत बाहेर आणली, दुरुस्त केली आणि शेवटपर्यंत पळवली. बक्षीस काही मिळालं नाही, नंबरही मधलाच.

परत आल्यावर गाडी आमच्या शाळेच्या मैदानात आणली. भिंतीवर हिशोबाचा कागद चिकटवला. एक्कावन्न रुपयेसुद्धा त्यात होते. उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या टीमला दिली. मावशींची पोरगी हेल्मेट घालून गाडीत बसली, ती उतरायलाच तयार होईना!

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या दारी अशी मुलं आली, तर त्यांना परत पाठवू नका. यादी मागा, हिशोब मागा. पैसे नसतील तर येत असेल ते शिकवा. आणि त्यांच्यात एखादी मुलगी असेल, तर फाईल तिच्याच हातात राहू द्या.