तुटलें तरी पुन्हां जुळणारें रबर

पंपाची रबरी नळी चिरली म्हणजे तिला चिंधी गुंडाळून आम्ही एक पाळी भागवितों व पुढच्या पाळीस ती बांधावर फेकतों. ती सांधत नाहीं, आणि वितळवून तिची दुसरी नळीही होत नाहीं. असें कां, हें शेतकरी बंधूंस कळावें म्हणून हा लेख.

रबर गंधकासह तापविल्यास टिकाऊ होतें, हें अमेरिकेंत चार्लस गुडइयर यांस १८३९ सालीं आढळलें. गंधक रबराच्या लांब रेणूंस एकमेकांशीं कायमच्या गांठी मारतो. तेणेंकरून ताणलेलें रबर मूळ स्थितीस येतें. परंतु तुटलेली गांठ पुन्हां बसत नाहीं.

२००८ सालीं पॅरिस येथें लुडविक लिब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळें रबर सिद्ध केलें. त्याचे घटक तीन: वनस्पतितेलांपासून काढलेलीं मेदाम्लें, एक अमाइन, आणि आपल्या परिचयाचा युरिया. यांपासून होणारे रेणू आंखूडच असतात. पण त्यांस हायड्रोजनबंधाचे जणूं हात असतात. दोन हातांचे रेणू एकमेकांस धरून साखळी करतात, तीन हातांचे त्या साखळ्यांचें जाळें विणतात. सर्व रेणू एकाच घडणीचे असते तर ते साखरेप्रमाणें स्फटिक होऊन कडक झाले असते. म्हणून मिश्रण मुद्दाम योजिलें आहे.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. खळीनें चिकटविलेला कागद सोडवितांना फाटतो. दोरीनें बांधलेला रुमाल मात्र हवा तितक्यांदा सोडावा व बांधावा. तीच गोष्ट येथें. एकेक बंध दुबळा, पण असंख्य मिळून बळकट. तुकडा कापून लगेच दाबून धरला तर साध्या उष्णतेंतच तो सांधतो. तापविला तर वितळून नवा आकार घेतो. उशीर मात्र करूं नये, कारण मोकळे हात आपल्याच बाजूच्या शेजाऱ्यांस धरून बसतात.

घरीं तेल व युरिया घोटून हें रबर होईल, असें कोणीं समजूं नये; तें रसायनशाळेचें काम आहे. आपण इतकें करावें. पॉलिथिनची नळी वितळवून पुन्हां घडवितां येते, गंधकाच्या रबराची येत नाहीं. यास्तव भंगार देतांना दोन्ही निराळ्या ठेवाव्या, आणि रबर बांधावर जाळूं नये. वस्तु घेतांना ती किती टिकेल हें आपण विचारतोंच. तुटल्यावर तिचें काय होईल, हेंही विचारीत जावें.