जुना ऑफिस पीसी, घरची डिश आणि एचडी रेकॉर्डिंग : शहापूर-मुरबाडसाठी स्वस्त होम थिएटर पीसी

गेल्या वर्षी माझे काका टीव्हीवर आले. दूरदर्शनच्या शेतीच्या कार्यक्रमात भेंडीच्या लागवडीवर चार मिनिटं बोलले. अख्खी आळी आमच्या घरात जमली होती. काका बोलायला लागले आणि दीड मिनिटात लाइट गेली. उरलेला भाग कुणालाच दिसला नाही. एका भावाने मोबाईलने टीव्हीच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढला होता, पण त्यात काकांपेक्षा पंख्याचा आवाज जास्त आहे. आजी अजूनही म्हणते, "परत लाव की तो."

"परत लाव" म्हणणं शहरात सोपं आहे. तिथे फायबर आहे, ओटीटी आहे. पण डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूला मोबाईलला कधी दोन काड्या, कधी एकही नाही. रोजचा डेटा दुपारीच संपतो. म्हणून आज बघूया, आधीच घरावर असलेल्या डिशमधून एचडी कार्यक्रम थेट हार्डडिस्कवर कसे साठवायचे, तेही इंटरनेटशिवाय आणि कमी खर्चात.

होम थिएटर पीसी म्हणजे नक्की काय?

टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलेला छोटा कॉम्प्युटर. त्यात टीव्ही ट्यूनर बसवला की तो सेट-टॉप बॉक्सचं काम करतो. शिवाय वेळ लावून रेकॉर्डिंग करतो, मोबाईलवर दाखवतो आणि सिनेमे-गाणीही वाजवतो.

इथे पहिला सावधगिरीचा मुद्दा. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे छोटा अँटेना लावला की एचडी चॅनल येतात, म्हणून ते अँटेनाचा ट्यूनर घ्यायला सांगतात. आपल्याकडे तो घेऊ नका. अमेरिकेची पद्धत एटीएससी. आपल्या घरावरच्या डिशला लागतो डीव्हीबी-एस2 ट्यूनर. ऑनलाइन मागवताना ही अक्षरं नीट वाचा, नाहीतर पैसे वाया.

कुठला सिग्नल रेकॉर्ड होतो, कुठला नाही?

खाजगी डीटीएच कंपन्यांचे एचडी चॅनल कुलूपबंद असतात. ते फक्त त्या कंपनीच्या बॉक्समध्ये उघडतात. काही बॉक्सना रेकॉर्डिंगची सोय असते, पण ते रेकॉर्डिंग साधारणपणे त्याच बॉक्सवर चालतं. "मग बॉक्सच्या एचडीएमआयला कॅप्चर कार्ड लावू," असं डोक्यात येईल. पण त्या वायरवरही एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि कॅप्चर कार्डवर काळा पडदा दिसतो. कुलूप तोडण्याच्या भानगडीत पडू नका. 2012 साली कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आलं. चोरीच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे.

आपल्या कामाची आहे ती डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने 33 चॅनलवर सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. तिचा सिग्नल 93.5 अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-15 या उपग्रहावरून येतो, जो नोव्हेंबर 2015 मध्ये सोडला गेला. जे चॅनल कुलपाशिवाय येतात, ते साधा ट्यूनरही पकडतो.

क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे जमिनीवरच्या ट्रान्समीटरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा. त्यामुळे असा सामना तुमच्या खाजगी डीटीएचवरच्या डीडी स्पोर्ट्सवर नसतो, पण शेजाऱ्याच्या फ्री डिशवर चालू असतो.

आणि एक गैरसमज: पीसी लावला म्हणून साधा चॅनल एचडी होत नाही. आकाशातून जे येतं, तेच हुबेहूब साठतं. दूरदर्शनच्या ज्या वाहिन्या एचडीत आहेत त्या एचडीत मिळतील, बाकीच्या साध्या. पण मोबाईलने काढलेल्या व्हिडिओपेक्षा साधं रेकॉर्डिंगही कितीतरी स्वच्छ असतं.

आधी सगळ्यात स्वस्त उपाय

कॉम्प्युटरच्या नादी लागण्याआधी घरातला फ्री डिश बॉक्स बघा. एमपेग-4 चालणाऱ्या बऱ्याच बॉक्सना यूएसबी पोर्ट असतो. पेनड्राइव्ह लावा, रिमोटवरचं लाल बटण दाबा, रेकॉर्डिंग सुरू. महिन्यातून एखादाच कार्यक्रम हवा असेल तर इथेच थांबा, हजारो रुपये वाचतील.

पीसी लागतो तो पुढच्या कामांना: रोजचा कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करायचा, घरचे एक चॅनल बघत असताना दुसरा साठवायचा, लाइट जाऊन आली तरी काम पुढे चालू ठेवायचं आणि सगळं मोबाईलवर बघायचं.

काय काय घ्यायचं?

मी दिलेले पैसे अंदाजासाठी लिहितोय. तुम्हाला थोडं कमी-जास्त पडेल.

- जुना ऑफिस मिनी पीसी, 8,500 रुपये. लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी असे डबे कंपन्या काढून टाकतात. इंटेलची सहावी पिढी किंवा पुढची, 8 जीबी रॅम आणि छोटी एसएसडी पुरे. ग्राफिक्स कार्ड नको, इंटेलच्या चिपमध्येच व्हिडिओ उलगडायची सोय असते.
- यूएसबी डीव्हीबी-एस2 ट्यूनर, 5,500 रुपये. खर्चातला सगळ्यात जोखमीचा भाग हाच. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का, हे मॉडेल नंबर टाकून आधी शोधा. मिनी पीसीत कार्ड घालायची जागा नसते, म्हणून यूएसबी.
- 1 टीबी हार्डडिस्क, 4,000 रुपये.
- दोन तोंडांचा एलएनबी, आरजी-6 केबल आणि कनेक्टर, 900 रुपये. एक वायर घरच्या बॉक्सला, दुसरी पीसीला. स्वस्तातला स्प्लिटर लावू नका, दोघांची भांडणं होतात.

एकूण 18,900. डबा मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणला. आसनगावहून लोकल पकडून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्यांनी एसटीने कल्याण गाठायचं. दुकानात डबा चालू करून बघा, टेस्टिंग वॉरंटी लिहून घ्या आणि पॉवर अडॅप्टर मागायला विसरू नका. अडॅप्टर नसेल तर तो वेगळा शोधताना दमछाक होते.

डिश नीट बसली तर अर्धं काम झालं

आपल्या भागातून जीसॅट-15 साधारण 132 अंशांवर, म्हणजे आग्नेयेला दिसतो. उंची जमिनीपासून सुमारे 58 अंश. मोबाईलमधला कंपास दिशेसाठी चालतो, फक्त पत्र्यापासून आणि लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभं राहून बघा. डिश मात्र 58 अंशांवर वळलेली दिसणार नाही. या ऑफसेट प्रकारच्या डिश असतात, त्या डोळ्याला बऱ्याच उभ्या वाटतात.

आग्नेयेला आंबा, जांभूळ किंवा साग असेल तर साधा हिशोब: झाडाचा शेंडा डिशपेक्षा 16 फूट उंच असेल, तर ते डिशपासून निदान 10 फूट लांब हवं. आज जागा मोकळी असली तरी पावसाळ्यात फांद्या वाढतात, तेही धरून चला.

पाऊस हा आपल्याकडचा खरा शत्रू. फ्री डिशचा सिग्नल कू-बँडमध्ये येतो आणि जोराच्या सरीत तो दबतो. जमत असेल तर 60 ऐवजी 90 सेंटीमीटरची डिश लावा. कनेक्टरवर रबराची टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता तिथेच गळेल.

सॉफ्टवेअर : दोन नावं लक्षात ठेवा

दोन्ही फुकट आहेत. टीव्हीहेडएंड सिग्नल पकडतो आणि रेकॉर्ड करतो. कोडी ते टीव्हीवर छान मांडून दाखवतो. दोन्ही एकत्र हवे असतील तर लिब्रेइलेक ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम टाका.

1. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिब्रेइलेक पेनड्राइव्हवर चढवा आणि मिनी पीसीत इन्स्टॉल करा. जुना डेटा पुसला जातो, हे लक्षात असू द्या.
2. कोडीच्या अॅड-ऑनमधून टीव्हीहेडएंड सर्व्हर टाका.
3. पीसी आणि मोबाईल एकाच वायफायवर घ्या. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी अॅड्रेस, मग विसर्गचिन्ह आणि 9981 टाका. टीव्हीहेडएंडचं पान उघडेल.
4. ट्यूनर चालू करा आणि एलएनबीचा प्रकार 'युनिव्हर्सल' निवडा.
5. डीव्हीबी-एस नेटवर्क बनवा. फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट घरच्या बॉक्सच्या मेनूत दिसतात, ते इथे भरा आणि स्कॅन करा.
6. सापडलेले चॅनल मॅप करा. जो चॅनल कुलूपबंद दाखवेल तो सोडून द्या.

एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रान्सपाँडरवर बसतो. त्याला दादर स्टेशनचा एक प्लॅटफॉर्म समजा. त्या प्लॅटफॉर्मवरचे सगळे चॅनल एकत्र रेकॉर्ड होतील, पण शेजारच्या प्लॅटफॉर्मवरचा नाही.

जागा किती लागते?

सूत्र सोपं आहे: दर 1 एमबीपीएसला तासाला 450 एमबी. म्हणजे 8 एमबीपीएसचा एचडी चॅनल तासाला 3.6 जीबी खातो. चार तासांचा टी-ट्वेंटी सामना साधारण 14 जीबी. 1 टीबीमध्ये असे पावणेतीनशे तास मावतात. 2 एमबीपीएसचा साधा चॅनल तासाला 900 एमबीच घेतो.

लाइट गेली तर?

ही सेटिंग चुकवू नका, सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो.

पहिलं, पीसीच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. दुसरं, रेकॉर्डिंग टीएस प्रकारात ठेवा. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. टीएस फाइल जिथे तुटली तिथपर्यंत चालते. तिसरं, घरात इन्व्हर्टर असेल तर पीसी, हार्डडिस्क आणि वायफाय राउटर त्याच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. असा डबा साधारण 15 वॉट खातो. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला 11 युनिटच्या आत.

वेळेचंही बघा. टाइम झोन कोलकाता ठेवा. कार्यक्रम पाच मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं उशिरा बंद असा लावा. सिग्नलसोबत येणाऱ्या वेळापत्रकावर डोळे झाकून विसंबू नका, चॅनल आणि घड्याळ लावून रेकॉर्डिंग करा.

मोबाईलवर कसं बघायचं?

राउटरमध्ये इंटरनेट नसलं तरी चालतं. मोबाईल आणि पीसी एका वायफायवर असले की कोडी किंवा व्हीएलसीमध्ये रेकॉर्डिंग दिसतं, डेटा शून्य. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर फाइल लॅपटॉपवर घेऊन हँडब्रेकमध्ये हवा तेवढाच तुकडा कापा आणि लहान करा. घरात पुन्हा बघायला साठवणं वेगळं आणि अख्खा सामना किंवा सिनेमा ग्रुपवर, यूट्यूबवर टाकणं वेगळं. दुसऱ्यात कॉपीराइटचा भंग होतो.

एवढा खटाटोप कशाला?

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून जास्त काळ घरी टीव्ही रेकॉर्ड केला. 2012 मध्ये त्या वारल्या तेव्हा सुमारे 70 हजार टेप होत्या. वाहिन्यांनी स्वतः न जपलेलं बरंच काही त्यात सापडलं. आपल्याला एवढं करायचं नाही. पण आपल्या तालुक्यातल्या पाण्याच्या टँकरची बातमी, म्हशाच्या जत्रेवरचा कार्यक्रम, गावातल्या पोराची कबड्डीची मॅच टीव्हीवर एकदाच येते. ती आपण नाही ठेवली तर दुसरं कोण ठेवणार?

काकांचा कार्यक्रम काही परत लागला नाही. मात्र ज्या चॅनलवर तो आला होता, त्याचा शेतीचा तास आता रोज आपोआप रेकॉर्ड होतो आणि महिनाभराने पुसला जातो. आजी रोज संध्याकाळी बघते, कधी लागलाच तर.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आज फक्त एक काम करा: घरच्या बॉक्सच्या मागे यूएसबी पोर्ट आहे का, ते वाकून बघा. पीसीचं नंतर.