गाडी शिकताना : आधी तोल, मग वेग

वस्तीत आता जवळपास प्रत्येक गल्लीत दुचाकी आली आहे. कुणी सेकंडहँड घेतलेली, कुणी हप्त्यावर. पार्सल पोचवण्याचे काम गाडी असली तरच मिळते. नर्सिंगच्या ड्युटीला, कॉलेजला जाणाऱ्या मुलीही स्कूटर मागतात, आणि ते चांगलेच आहे. पण घरातला कमावता माणूस पाय मोडून तीन महिने पडून राहिला, तर ना हप्ता थांबतो ना किराणा. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आपण नव्याने गाडी शिकणाऱ्यांशी बोलणार आहोत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जण गेले, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेट फक्त चालवणाऱ्याने घालायचे, हा समज म्हणूनच सोडला पाहिजे.

इंजिन बंद ठेवून सुरुवात

पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू नका. शेजारी उभे राहून ती हाताने ढकलत मैदानाला एक फेरी मारा. स्टँडवर लावा, काढा, वळवा. गाडीचे वजन कुठे जाते हे अंगाला कळू द्या. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. नुसता अंगठा टेकत असेल तर ती गाडी शिकण्यासाठी उंच आहे.

मग गिअरच्या गाडीवर क्लच शिका. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडा. एका ठिकाणी गाडी पुढे सरकू लागते. ती जागा बोटांना ओळखू आली की अर्धे शिक्षण झाले. तेवढ्यावरच पाय लोंबते ठेवून चालीच्या वेगाने जा, थांबा, पुन्हा जा. हे वीस-तीस वेळा करा.

तोल जातो तो बहुतेक वेळा नजरेमुळे. नवशिका पुढच्या चाकाकडे बघतो आणि डुगडुगतो. नजर समोर लांब ठेवली की हँडल आपोआप स्थिर होते. खड्ड्याकडे टक लावून पाहिले तर गाडी खड्ड्यातच जाते. जिकडे जायचे तिकडे बघा. गुडघे टाकीला लावून ठेवा, खांदे सैल सोडा.

भीती कुठून येते

घाबरलेले शरीर आखडते, श्वास अडकतो, मूठ घट्ट होते. दचकून अंग मागे गेले की मनगट वळते आणि ॲक्सिलरेटर वाढतो. म्हणून शिकणाऱ्याला एकच सवय लावा : गोंधळ झाला की क्लच दाबायचा आणि ब्रेक लावायचा. स्कूटरला क्लच नसतो, तिथे ॲक्सिलरेटर सोडून दोन्ही ब्रेक. गिअरच्या गाडीवरून स्कूटरवर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, डाव्या हाताचा दांडा तिथे क्लच नसून मागचा ब्रेक असतो.

शिकवणाऱ्या दादाने ओरडू नये. सुरुवातीला मागे बसूही नये, शेजारून चालावे. बहीण शिकत असताना कट्ट्यावरून हसणाऱ्यांना हटकणे हेही शिकवण्यातलेच काम. रोज अर्धा तास, सकाळी मैदान रिकामे असताना, एवढे पुरे. थकल्यावर हात चुकतो.

ब्रेक आणि अंतर

ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. कुत्रे दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. त्याला घाबरू नका, पण झटका देऊ नका. हँडल सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबा. खडी, ओले गटाराचे झाकण, पहिल्या पावसाचा रस्ता या ठिकाणी वेग आधीच कमी करा.

हेल्मेट, दारू, लहान मुले

आयएसआयची खूण असलेले, गाल झाकणारे हेल्मेट घ्या. पट्टा लावला नाही तर ते पडताना आधीच उडून जाते. चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे संशोधनाचा आढावा सांगतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.

पंचशीलातले पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. ते गाडीवर बसतानाही आठवावे. जयंतीच्या रॅलीत तिघे-तिघे बसून स्टंट करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

चार वर्षांखालील मुलाला नेताना सुरक्षा पट्टा हवा, ९ महिन्यांवरील मुलाला हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नको, असा नियम आहे. ओढणी आणि पदर खोचूनच बसा.

गिअरच्या गाडीचे लायसन १८ वर्षांनंतरच मिळते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पडलात तर

गाडी कलंडू लागली तर अडवू नका, सोडून द्या. सायलेन्सरने पोटरी भाजली तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, बरळणे, वाढती डोकेदुखी, कान-नाकातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही दिसले तर जखम नसली तरी दवाखाना गाठा. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, कायदा त्याला संरक्षण देतो.

आमची एक सूचना आहे. विहाराजवळ मोकळी जागा असेल तर मंडळाने रविवारी सकाळी दोन तास ती शिकणाऱ्यांसाठी ठेवावी. वस्तीतल्या जुन्या, सावध चालकांनी शिकवावे, मुलींना आधी संधी द्यावी. हेल्मेट नसेल त्याला गाडीवर बसू देऊ नये, मग तो कुणाचाही मुलगा असो.