चौपन्नाव्या वर्षीची सनद

१८६६ साली नाशिकला जन्मलेली एक मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. गुणांच्या हिशेबानं विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच होती. पण ती मुलग्यांसाठी आहे, असं सांगून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही बायकांनी वर्गणी काढली आणि कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये त्या तिथली कायद्याची बीसीएल परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नसे. परत येऊन त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एलएलबी केली, १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तीन परीक्षा झाल्या, सनद एकही नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं ते १९२१ मध्ये, त्यांच्या चौपन्नाव्या वर्षी. ऑक्सफर्डची पदवी हातात पडली १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. १९२३ च्या कायद्यानं देशभर बायकांना वकिलीचं दार उघडलं आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात वकिलीला उभ्या राहिल्या तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

कॉर्नेलियाबाईंची ही तारीखवार हकीकत लक्षात ठेवायची, कारण तिच्या सुमारे सत्तर वर्षांनंतर भारतातल्या वकिलांच्या सर्वोच्च संस्थेनं असा एक नियम केला की त्या नियमाखाली या बाई वकील झाल्याच नसत्या.

आधी मूळ कायदा पाहू. आपला ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा. सनद कोणाला मिळेल हे त्याच्या चोविसाव्या कलमात आहे: भारताचा नागरिक, वय एकवीस पूर्ण, कायद्याची पदवी. वयाची खालची पायरी संसदेनं घातली, वरची घातलीच नाही. म्हणजे ‘या वयात आता कुठे वकिली’ हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येत असलं तरी कायद्याच्या पुस्तकात ते नाही. ते पुस्तकात घुसवायचा प्रयत्न मात्र पुन्हा पुन्हा झाला, आणि दर वेळी तो वकिलांच्याच संघटनेकडून झाला.

पहिला मोठा प्रयत्न १९९३ चा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केला की पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्याला सनद द्यायची नाही. हेतू लपवलेला नव्हता. सरकारी, निमसरकारी खात्यांतून निवृत्त झालेली मंडळी काळा कोट चढवतात, जुन्या ओळखींवर पक्षकार ओढतात, धंद्याचं नाव खराब करतात आणि कोवळ्या वकिलांची मनंही नासवतात, असं कौन्सिलचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १७ जानेवारी १९९५ रोजी हा नियम रद्द केला. निकाल सरन्यायाधीश अहमदी यांचा. न्यायालयानं विचारलं, याला आधार काय? आकडेवारी कुठे आहे? कौन्सिलकडे काहीच नव्हतं. त्याहून बोचरा मुद्दा पुढचा होता. एखाद्यानं पंचविशीत सनद काढली, ती स्थगित ठेवून पंचवीस-तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसला आणि निवृत्तीनंतर परत आला, तर त्याला नियम अडवत नव्हता. ओळखी त्याच्याही होत्या, खात्यातली माणसं त्याचीही होती. अडत होता तो फक्त उशिरा शिकलेला माणूस.

हा नियम मला नेहमी थोडा गमतीचा वाटतो. वकिलीसारख्या धंद्यात, जिथे ‘केस पिकले’ म्हणजे भरवसा वाढला असं पक्षकार धरून चालतो, तिथे पिकलेल्या केसांनाच मज्जाव करायचा!

वयाचा प्रश्न नंतर सनदेच्या दारावरून कॉलेजच्या दारावर आला. पंचेचाळिशीला अडवता येत नाही, तर मग शिकायलाच येऊ देऊ नये. २००८ मध्ये कौन्सिलनं कायदा शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यातल्या अठ्ठाविसाव्या कलमानं ठरवलं की बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना वय वीसच्या वर नको आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीसच्या वर नको. मागास प्रवर्गांना अनुक्रमे बावीस आणि पस्तीस.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस ही मर्यादा का सुचली, हे समजायला अवघड नाही. १९८७ मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यालय उभं राहिलं आणि कायदा हे ‘बीए झालो, नोकरी नाही, चला एलएलबी करू’ असं राहिलं नाही. बारावीनंतर थेट कायद्याला येणारी, वसतिगृहात राहणारी, अठरा-एकोणिसाची मुलं हा नवा नमुना झाला. त्या नमुन्यात न बसणारा विद्यार्थी मग आपोआप ‘उशिराचा’ ठरतो. बारावीनंतर दोन वर्षं दुकानात बसलेला, आईच्या आजारपणात घरी थांबलेली, मेडिकलच्या नादात दोन वर्षं घालवलेला, सगळे विशी ओलांडलेले.

आता या तीसच्या मर्यादेला एक माणूस लावून पाहा. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला दाखल झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पैसा साठवणं, आणि १९२० मध्ये एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा लंडन. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, वय एकतीस. मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली १९२३ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. नियमाच्या अक्षरात ते बसले असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पैसा जमायला आणखी दोन वर्षं लागली असती आणि ग्रेज इनमधलं नाव टिकलं नसतं, तर? ज्यांच्या शिक्षणाला मध्ये खंड पडतो, त्यांच्या वयाचा हिशेब सरळ रेघेत होत नाही. पाच वर्षांची सवलत देऊन मागास प्रवर्गांचा प्रश्न मिटला असं नियम करणाऱ्यांनी धरलं. खंड पाच वर्षांत भरतो, असं त्यांना कोणी सांगितलं असेल?

अठ्ठाविसाव्या कलमाची पुढची कथा कोर्टकचेरीची आणि काहीशी कंटाळवाणी आहे, पण थोडक्यात सांगतो. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे कलम रद्द ठरवलं. २०१३ मध्ये कौन्सिलनं ते आपणहून मागे घेतलं. २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं हे मागे घेणं वैध ठरवलं नाही. त्याचा आधार घेऊन १७ सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकानं मर्यादा परत आली. ३ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. ज्यांना जुलैत प्रवेश घ्यायचा होता त्यांनी एवढ्या सगळ्यात काय केलं असेल, ते त्यांनाच माहीत. त्या वर्षांत एखाद्या बत्तिशीच्या बाईला प्रवेश मिळेल की नाही, हे तिच्या गुणांवर ठरत नव्हतं. कोणत्या महिन्यात कोणतं कागदपत्र निघालं, यावर ठरत होतं.

२०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या एका आजींनी तीसच्या मर्यादेविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. यजमान गेल्यावर इस्टेटीच्या कागदांशी झगडताना कायदा शिकायची गरज त्यांना वाटली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. आपल्याकडे अनेकांना हसू आलं असेल. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सातबारा, मृत्युपत्र, वारस नोंद, सोसायटीचं कन्व्हेयन्स ही कामं माणसाच्या आयुष्यात विसाव्या वर्षी येत नाहीत. ती पन्नाशीनंतरच येतात.

महाराष्ट्रात आजची स्थिती काय? कायद्याच्या प्रवेशासाठी २०१६ पासून राज्याची सीईटी आहे आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटलाही नाही. सीईटी आल्यानं उशिराच्या विद्यार्थ्याचा एक फायदा झाला, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही. आधी तीन वर्षांच्या प्रवेशात पदवीचे टक्के चालत. १९८५ साली बीकॉमला बावन्न टक्के म्हणजे माणूस मान ताठ करून घरी यायचा. तेच बावन्न आजच्या पंचाहत्तर-ऐंशीच्या रांगेत उभे केले की मागेच राहणार. सीईटीनं सगळ्यांना एकाच संगणकापुढे, एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसवलं. निगेटिव्ह मार्किंगही नाही. ज्यानं पंचवीस वर्षं वर्तमानपत्र रोज वाचलंय त्याला सामान्य ज्ञानाचा भाग फारसा जड जात नाही.

पण दार उघडं आहे म्हणून आत शिरता येतंच असं नाही. चौकटीवर अजून बऱ्याच खिळ्या आहेत, आणि त्या कोणी वयाच्या नावानं ठोकलेल्या नाहीत.

पहिली खिळी टक्क्यांची. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी पंचेचाळीस, इतर मागास वर्गाला बेचाळीस, अनुसूचित जाती-जमातींना चाळीस टक्के लागतात. विसाव्या वर्षी गिरणीत रात्रपाळी करून ‘पास क्लास’ काढलेल्या माणसाला चाळिसाव्या वर्षी ते टक्के वाढवता येत नाहीत. पुन्हा नवी पदवी घेणं हाच मार्ग.

दुसरी खिळी मला सगळ्यांत जास्त खुपते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं बोधवाक्य. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी तिथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो करून बारावी न होताच बीएला प्रवेश मिळे. अंगणवाडीताई, एसटीचे वाहक, लग्नानंतर शाळा सुटलेल्या गृहिणी अशा कितीतरी जणांसाठी हाच एक रस्ता होता. बार कौन्सिलच्या नियमात मात्र एक स्पष्टीकरण आहे: आवश्यक मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली बारावी किंवा पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालणार नाही. दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठात पदवी घेतलेल्याची अडचण नाही. अडचण त्यांची, ज्यांना ती शिडी पायरीपायरीनं चढताच आली नाही. या स्पष्टीकरणात वयाचा शब्दही नाही. पण ते लागू कोणाला होतं, बघा. अठरा वर्षांच्या मुलाला जवळजवळ कधीच नाही.

तिसरी खिळी घड्याळाची. निवासी नसलेल्या कॉलेजात वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यायचे आणि आठवड्याला तीस तास भरायचे, हा कौन्सिलचा नियम. प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी. फार तर पासष्टपर्यंत सूट. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हे जुळवणं म्हणजे लोकलच्या वेळापत्रकावर संसार चालवण्यासारखं आहे. कुठे हजेरीचं पुस्तक कडक, कुठे सैल, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. एक गोष्ट नियम करणाऱ्यांच्या बाजूनंही सांगायला हवी: कायदा हा घरी बसून गाइड वाचून येणारा विषय नाही, आणि सैल हजेरीनं एक अख्खी पिढी फक्त परीक्षेपुरती वकील झाली, ही त्यांची काळजी खोटी नव्हती.

आणि समजा सगळं जमलं, पदवी मिळाली. पुढे नोकरी आणि सनद एकत्र चालत नाहीत. पगारी पूर्णवेळ नोकराला वकिली करता येत नाही, हा जुना नियम. मुंबईच्या एका शल्यविशारदांनी १९९१ मध्ये एलएलबी केली आणि डॉक्टरकी न सोडता सनद मागितली. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलनं नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये निकाल डॉक्टरांच्या विरुद्ध लागला: दोन दगडांवर पाय ठेवता येणार नाही, वकिली पूर्णवेळ मागते. एका अर्थानं हे बरोबरच. पण त्याचा भार तरुणापेक्षा प्रौढावर पडतो, कारण सोडण्यासारखं काहीतरी प्रौढाकडेच असतं.

सोडून आला तरी ज्युनिअरशिप चुकत नाही. दुसऱ्याच्या चेंबरमध्ये उमेदवारी, फायली उचलणं, तारखा घेणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं सुचवलं की ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. बावीस वर्षांच्या मुलाचे वडील त्याला दोन वर्षं पोसतात. पंचेचाळीस वर्षांच्या ज्युनिअरवर मात्र घराचा हप्ता असतो आणि मुलीच्या कॉलेजची फी असते. सनदेची फी तरी उतरली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या बार कौन्सिलांना बजावलं की कायद्यात लिहिलेल्या साडेसातशे रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशेपेक्षा, जास्त घ्यायचं नाही. ओडिशात तोवर बेचाळीस हजारांच्या वर घेत होते.

न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर हिशेब आणखी घट्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीला गेलेली बाई तेहतिसाव्या वर्षी पदवी घेते, छत्तिसाव्या वर्षी तिची तीन वर्षं भरतात. महाराष्ट्रात या पदाला वकिलांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा पस्तीस. कॉलेजच्या दारावर वय विचारलं नाही. ते इथे थांबून होतं.

तरीही लोक येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना काळा कोट नकोच असतो, हे मला उशिरा कळलं. ग्राहक आयोगात वकील नसलेला प्रतिनिधीही पक्षकाराची बाजू मांडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणातून मान्य केलं. आणि आपलं स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायला तर सनद कधीच लागत नव्हती. सोसायटीचा सेक्रेटरी, वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात वीस वर्षं तारखा मोजणारा धाकटा भाऊ, घटस्फोटानंतर पोटगीचा अर्ज स्वतः लिहायला शिकलेली बाई, यांना डिग्रीच्या कागदापेक्षा समोरच्या वकिलाचं लेखी म्हणणं ओळीनं वाचता यायला हवं असतं. प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागतात तेव्हा असे लोक मुलांच्या घोळक्यामागे उभे असतात, चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलवर आपला क्रमांक शोधत. शेजारचा मुलगा विचारतो, ‘काका, तुमच्या मुलाचा नंबर लागला का?’

ते ‘हो’ म्हणतात.