बिल शून्य की बाराशे? झिरोच्या बल्बचाही हिशेब लावा

बेळगाव : गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून सीमाभागातल्या अनेक घरांत विजेच्या बिलाकडं बघायची सवयच गेली आहे. बिल शून्य येतंय म्हटल्यावर बघणार कोण? पण उन्हाळ्यात एखाद्या महिन्याला वापर 208 युनिटवर जातो. मग बिल वरच्या 8 युनिटचं येत नाही, पूर्ण 208 युनिटचं येतं. युनिटला सहा रुपये धरले तरी साडेबाराशेच्या घरात, शिवाय स्थिर आकार वेगळा.

योजनेचा मूळ हिशेब असा : 2022-23 या वर्षातला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर 10 टक्के, एवढी वीज मोफत, कमाल मर्यादा 200 युनिट. ज्यांची सरासरी 100 होती त्यांना 110 युनिट मोफत. त्यांनी 130 जाळले तर 20 युनिटचे पैसे. मात्र 200 ओलांडले की त्या महिन्याची सवलत गेली. म्हणून 195-210 च्या काठावर असलेल्या घरात दहा युनिट वाचवणं म्हणजे साठ रुपये वाचवणं नव्हे, अख्खं बिल वाचवणं.

असा काठ इतर राज्यांतही आहे. मध्य प्रदेशात, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना, वापर 150 युनिटच्या आत असेल तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात, त्यापुढं गेलं की सवलत नाही. तेलंगणात 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डावर 200 युनिटपर्यंत वीज मोफत आहे. चंदगड, गडहिंग्लजकडं महावितरणचं बिल 100 युनिटनंतर चढ्या दरानं लागतं, पण तो दर फक्त वरच्या युनिटना असतो.

आता हे दहा युनिट कुठून काढायचे? सुरुवात देव्हाऱ्यातून करावी. तिथला झिरोचा बल्ब वीज खातच नाही, अशी घरोघरी समजूत आहे. जुन्या चक्रीच्या मीटरवर तेवढा वापर नीट उमटत नसे, म्हणून त्याला झिरो हे नाव पडलं. प्रत्यक्षात तो 12 ते 15 वॅट घेतो. रात्री दहा तास चालू राहिला तर महिन्याला साडेचार युनिटपर्यंत. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. पॅसेजमध्ये दुसरा झिरो असेल तर तिथंच आठ-नऊ युनिट सापडले.

नंतर न्हाणीघर, जिना, गोठा, परसू. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब अजून अशाच ठिकाणी टिकून आहे. रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट, त्याच उजेडाचा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा घेत नाही. जुन्या ट्यूबचंही तसंच. नळी 36-40 वॅटची, पण जाड तांब्याचा चोक वर दहा-पंधरा वॅट खातो. 20 वॅटची एलईडी ट्यूब लावली तर वापर निम्म्याहून कमी होतो. सीएफएल असेल तर घाई नको, तो बिघडल्यावरच बदलावा. त्यात पारा असतो, म्हणून फोडून कचऱ्यात टाकू नये.

बाजारात ढिगानं मिळणारे बिनाखोक्याचे बल्ब मात्र टाळलेले बरे. एलईडीत दिवा सहसा जात नाही, आतलं सर्किट जातं, आणि जिथं व्होल्टेज वरखाली होतं तिथं ते लवकर जातं. खोक्यावर बीईईचं स्टार लेबल, ल्युमेनचा आकडा आणि वॉरंटी बघावी, पावती जपावी. 9 वॅटला 900 च्या आसपास ल्युमेन असावेत. बंद काचेच्या झुंबरात एलईडी तापतो आणि आयुष्य घटतं.

दिवे बदलून फ्रिज, गीझरचा खर्च कमी होत नाही, हेही खरं. रोज बारा तास फिरणारा जुना 75 वॅटचा पंखा एकटाच महिन्याला 27 युनिट घेतो. बीएलडीसी पंखा निम्म्याहून कमी घेतो, पण त्याला अडीच-तीन हजार मोजावे लागतात. बल्ब शंभरात येतो, म्हणून आधी बल्ब.

मीटर रीडर येऊन गेला की त्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. विसाव्या दिवशी पुन्हा बघावं. 133 च्या वर गेला असेल तर महिनाअखेर 200 ओलांडणार हे नक्की, आणि हात आखडायला अजून दहा दिवस आहेत.