'क्ष' मानण्याआधी पट्टी काढा!

सातवीतला धाकटा भाऊ वही घेऊन तुमच्याकडे येतो. 'राजू आणि मीनाकडच्या गोट्यांचं गुणोत्तर ३:५. मीनाकडे २४ गोट्या जास्त. तर प्रत्येकाकडे किती?' तुम्ही झटकन 'क्ष' मानता आणि त्याचा चेहरा पडतो. तो स्वतः काय करतो? ३ आणि ५ मिळवून ८, मग २४ भागिले ८. उत्तर चुकतं, आणि 'मला गणित जमतच नाही' असं तो ठरवून टाकतो.

थांबा! पेन्सिल त्याच्या हातात द्या. राजूचे तीन चौकोन एका ओळीत, त्याखाली मीनाचे पाच, सगळे सारखे. आता विचारा, 'यात ते जास्तीचे २४ कुठे आहेत रे?' त्याचं बोट आपोआप शेवटच्या दोन चौकोनांवर जातं. दोन चौकोन म्हणजे २४, एक म्हणजे १२. राजूकडे ३६, मीनाकडे ६०. झालं की!

सिंगापूरच्या शाळांत १९८०च्या दशकापासून मुलं अशाच पट्ट्या काढून गणित शिकतात. कोणता आकडा नेमका कशाचा, हे पट्टीत डोळ्यांना दिसतं. 'क्ष' पुढे येईलच. तेव्हा एवढंच सांगा, 'अरे, हे त्या एका चौकोनाचंच नाव!'