पाणी किती फुटांवर?

दोस्ता, पावसाळ्यात सांगलीतली माणसं सकाळी उठल्या उठल्या काय विचारतात, ओळख पाहू! 'चहा झाला का?' छे! 'आयर्विनला पाणी किती?'

आयर्विन पूल म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल. तिथं नदीचं पाणी फुटांत मोजतात. ४० फूट झालं की इशारा. ४५ झालं की धोका! २०१९ साली तर ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. तिकडे सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचे दरवाजे उघडले, की पाणी कऱ्हाडला कृष्णेला भेटतं आणि मग खाली सांगलीकडे येतं.

आता गंमत ऐक. असाच पूर माणसाच्या रक्तातही येतो. आणि डॉक्टर तो मोजतात!

खेळताना गुडघा खरचटला की काय होतं? लाल होतो, सुजतो, गरम लागतो. आपल्याला वाटतं, बिघडला गुडघा! पण तिथं तर दुरुस्ती चालू झालेली असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. जंतू गिळतात, कचरा उचलतात. याला म्हणतात दाह.

जखम मोठी असेल, तर या पेशी रक्तातून एक निरोप धाडतात. कुणाला? यकृताला! उजव्या बरगड्यांखालचं हे केवढं मोठं स्वयंपाकघर! निरोप पोचला की तिथं एक प्रथिन शिजायला लागतं. त्याचं नाव सीआरपी. ते जंतूंना आणि मेलेल्या पेशींना जाऊन चिकटतं. जणू खडूची खूण: 'हे उचला!'

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. त्यातला 'सी' मात्र संत्र्यातला सी नव्हे हं! न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगावरच्या एका पदार्थाचं नाव 'सी' होतं. त्याला चिकटतं, म्हणून हे नाव.

धडधाकट माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात सीआरपी १० मिलिग्रॅमहून कमी असतो. पण मोठं संकट आलं तर तो किती वाढू शकतो? दुप्पट? दहापट? अरे, हजारपट! तुझ्या वर्गात ४० मुलं आहेत ना? दोन दिवसांनी वर्गात आलास आणि बघतोस तर ४०,००० मुलं! बसायचं कुठं? एवढ्यांचे डबे ठेवायचे कुठं?

आता समजा, शेजारच्या आजोबांच्या जठरात कर्करोगाची गाठ झाली. जठर म्हणजे आपण खाल्लेलं साठवणारी पोटातली पिशवी. सर्जन गाठ असलेला भाग काढतात आणि उरलेला भाग आतड्याला शिवून जोडतात. शेतात पाईपलाईनचा जोड करतात ना, तसाच! १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या सर्जननी हे पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलं. सांगलीशेजारच्या मिरजेत कॅनडाहून आलेल्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं आणि मिरज शस्त्रक्रियांसाठी दूरवर नावाजली. पण तेव्हा सीआरपी कुणाला ठाऊकच नव्हता! जोड आतून गळतोय का, हे ताप, नाडी आणि दुखणं यांवरून ताडायचं. शेतातला जोड गळला तर चिखल दिसतो. पोटातला कसा दिसणार?

म्हणून आता शस्त्रक्रियेनंतर सिस्टर रोज थोडं रक्त घेतात आणि त्यातला सीआरपी मोजला जातो. पहिले दोन दिवस आकडा चढतो, कधी शंभरच्याही वर! घाबरायचं का? मुळीच नाही. एवढी मोठी जखम झाली, तर पूर येणारच. पाऊस पडल्यावर कृष्णा चढते, तसंच हे.

खरी मजा तिसऱ्या-चौथ्या दिवशी! यकृतानं काम थांबवलं, की सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो. अर्धी पोळी, मग तिची अर्धी, मग तिचीही अर्धी. म्हणजे आकडा उतरला तर समजायचं, आग विझतेय. उतरतच नसेल तर? कुणीतरी अजून घंटा बडवतंय! आकडा दीडशेच्या आसपास किंवा वरच रेंगाळला, की बरेच सर्जन सावध होतात. ताप यायच्या आधीसुद्धा!

घंटा वाजतेय हे कळलं, पण कुठं? ते मात्र सीआरपी सांगत नाही. जोड गळत असेल, छातीत कफ साठला असेल, टाक्यांत पू झाला असेल. शाळेची घंटा ऐकून कोणत्या वर्गात गडबड आहे हे कळतं का? मग सर्जन पोट तपासतात, सीटी स्कॅन करतात, शोधत राहतात. मला तर याहूनही आवडतो तो कमी आकडा. तो नीट खाली आला असेल, तर जोड गळत असण्याची शक्यता फारच थोडी.

चौथा दिवस. आजोबांचा कागद येतो. परवा १६०, आज ७०! सर्जन कागद बघतात, आजोबांच्या पोटावर हलकेच हात ठेवतात, ताप नाही ना हे विचारतात. मग म्हणतात, "आजोबा, आज दोन चमचे पेज घेऊन बघू या का?"